कॉम्प्रेशन स्टॉकिंगचं माप घरीच, सकाळी घ्या: माप, घालणं, धुणं, उन्हाळा आणि धानाचा चिखल

वैनगंगा_फिजिओ

व्हेरिकोज व्हेन (पायातल्या फुगलेल्या नसा), नसेत गुठळी होऊन गेल्यावर राहिलेली सूज, घोट्याजवळची न भरणारी जखम, हत्तीपाय. या सगळ्यांत चिठ्ठीवर 'कॉम्प्रेशन स्टॉकिंग', म्हणजे पायाला दाब देणारा घट्ट मोजा, एवढंच लिहून मिळते. किती दाबाचं, गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत, बोटं उघडी की बंद, हे लिहिलेलं नसते. मग तालुक्याच्या मेडिकलमध्ये 'मीडियम द्या' म्हणून खोका घेतला जातो आणि आठवडाभरात तो मोजा कपाटात जातो. दोष बहुतेक वेळा मोज्याचा नसतो, मापाचा असतो.

आपल्या विदर्भातली मुख्य अडचण वेळेची आहे. माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आधी घ्यावं लागते. गावातून पहिल्या एसटीनं निघालं तरी दुकान उघडेपर्यंत अकरा वाजतात. तोवर पाय दोन तास लटकून, उभं राहून भरलेला असतो. त्या पायाचं माप घेतलं तर मोजा मोठा येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पायावर ढिला बसतो. म्हणून माप घरी घ्या, कागदावर लिहा आणि कागद घेऊन दुकानात जा.

लागतं काय: शिलाईचा टेप, बॉलपेन, मदतीला एक माणूस. टेपची सेंटिमीटरची बाजू वापरा, कंपन्यांचे तक्ते त्यातच असतात. इंचाचे आकडे घेऊन गेलात तर दुकानात गोंधळ होतो.

पेशंटनं उभं राहायचं, पाय सपाट जमिनीवर, वजन दोन्ही पायांवर सारखं. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. जिथे मोजाल तिथे पेनानं बारीक खूण करा.

घोटा: घोट्याच्या हाडाच्या वर दोन-तीन बोटं, जिथे पाय सर्वांत बारीक आहे तिथला घेर. सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हा. मोज्याचा पूर्ण दाब इथेच पडतो, वर जाताना तो कमी होत जातो.

पिंढरी: सर्वांत जाड भागाचा घेर.

गुडघ्याखाली: मागच्या घडीच्या दोन बोटं खाली घेर. मोज्याची पट्टी इथे बसणार आहे.

लांबी: टाचेमागून जमिनीपासून त्याच खुणेपर्यंत, सरळ उभी. टेप पिंढरीच्या फुगीर भागावरून वळवत नेऊ नका.

मांडीपर्यंतचा मोजा असेल तर मांडीच्या मधला घेर, जांघेच्या पाच सेंटिमीटर खालचा घेर आणि जमिनीपासून नितंबाच्या घडीपर्यंतची लांबी. बोटं बंद असलेला मोजा असेल तर पावलाची लांबीसुद्धा.

दोन्ही पायांची मापं वेगळी लिहा. 'उजवा' 'डावा' स्पष्ट लिहा.

कपाशीपट्टा

घोटा मीडियममध्ये येते अन् पिंढरी लार्जमध्ये, असं असलं तं कोणता घ्यायचा? घरच्यांची मापं घेतली, तिथंच अडलो.

सर्जिकल_यवतमाळ

भाऊ, आधी घोटा पहायचा. घोट्याच्या मापानं साइज ठरते आणि पिंढरी त्या साइजच्या तक्त्यातल्या हद्दीत बसते का ते तपासायचं. बसत नसेल तर लार्ज उचलू नका. लार्ज घेतला की पिंढरीला आराम वाटते, पण घोट्याला दाबच मिळत नाही आणि सूज तिथेच राहते. मीडियम तसाच घातला तर वरची पट्टी पिंढरीत रुतते, खालचं पाणी अडते. दोन्हीकडून नुकसान.

रस्ते दोन. एक, दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघा. प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो आणि काहींकडे त्याच घोट्याला जाड पिंढरीचा प्रकार मिळतो. दोन, मापानं विणून मागवा. वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात, पण वापरात तोच राहतो.

अजून एक. खोक्यावर 'क्लास २' लिहिलं म्हणून दाब कळला असं समजू नका. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिमी, ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४ मिमी. अमेरिकी खोक्यांवर क्लासऐवजी १५–२०, २०–३०, ३०–४० असे आकडे असतात. मिमी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी ज्यात मोजतात तेच. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मिमीचा आकडाच लिहून घ्या आणि खोक्यावर तोच आकडा शोधा. आठवडी बाजारात 'फ्री साइज व्हेरिकोज मोजे' मिळतात त्यावर आकडाच नसतो. ते घेऊ नका.

सिस्टर_वर्धा

मापाआधीची एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यांत आधी यायला पाहिजे. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या बरोबर आहेत का, हे तपासल्याशिवाय २०–३० चा मोजा कुणालाही चढवू नका. धमनी अरुंद असलेल्या पायावर घट्ट मोजा चढला तर जखम होते, बोट काळं पडू शकते.

विडी-सिगारेट ओढणारे, साखरेचे पेशंट, साठीपुढचे, चालताना पिंढरीत गोळा येऊन थांबावं लागणारे, पाऊल गार पडणारे: यांची एबीपीआय तपासणी, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीची तुलना, झालीच पाहिजे. पेशंटला दहा-वीस मिनिटं आडवं झोपवायचं, मग दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं वरचं प्रेशर हातातल्या छोट्या डॉपलरनं (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) घ्यायचं. प्रत्येक पायाचा, पावलावरच्या आणि घोट्यामागच्या धमनीतला जो आकडा जास्त असेल त्याला दंडांतल्या जास्त आकड्यानं भागायचं. घोटा १२०, दंड १३० असेल तर ०.९२.

०.८ ते १.३ असेल तर नेहमीचा दाब चालतो. ०.५ ते ०.८ असेल तर तज्ज्ञ सांगतील तो कमी दाब, तोही देखरेखीखाली. ०.५ च्या खाली अजिबात नाही. आणि १.३ च्या वर आला म्हणून खूश होऊ नका. साखरेच्या जुन्या पेशंटच्या धमन्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, म्हणून आकडा खोटा मोठा येतो. तिथे पायाच्या अंगठ्याचं प्रेशर पाहावं लागते.

पावलावर नाडी लागली म्हणजे झालं, असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉपलर नसेल तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये सर्जरीच्या ओपीडीत विचारा. ती खेप वाचवू नका.

मोर्णाकाठ

सिस्टर, दोन्ही पाय सुजतात पण नसा फुगलेल्या दिसत नाहीत, अशांनी मोजे घालावेत का? गावात बऱ्याच बायांना संध्याकाळी घोटे सुजतात.

सिस्टर_वर्धा

आधी कारण शोधा, ताई. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, आडवं झाल्यावर दम लागत असेल, लघवी कमी होत असेल, डोळ्यांखाली सूज असेल तर हृदय, किडनी तपासायला पाहिजे. हृदय कमजोर होऊन पाणी साचलेलं असताना मोजा घातला तर पायातलं पाणी वर ढकललं जाते आणि दम वाढतो. बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीनंही घोटे सुजतात. आपल्याकडे ही गोळी घरोघरी चालू आहे. ती मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सूज दाखवायची, ते गोळी किंवा डोस बदलतात.

एकच पाय अचानक सुजला, पिंढरी दुखते, गरम लागते: मोजा नाही, मालिश नाही, त्याच दिवशी दवाखाना. नसेत गुठळी असू शकते. सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर १०८ ला फोन.

तलावांचा_जिल्हा

आमच्याकडं हत्तीपायाचे पेशंट लय आहेत. त्यांना रेडिमेड मोजे चालतात का?

वैनगंगा_फिजिओ

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा या पट्ट्यात हा प्रश्न येणारच होता, दादा.

सूज रात्रीतून उतरते की नाही, ते आधी बघा. सकाळी पाय पूर्ववत होत असेल तर रेडिमेड मोजा चालू शकतो. सकाळीही सूज तशीच असेल, घड्या पडल्या असतील, तर सरळ मोजा घालायचा नाही. आधी बँडेजनं पाय बारीक करायचा, कमी ताणाच्या पट्ट्या खालून वर, शिकलेल्या माणसाकडून, रोज किंवा एक दिवसाआड बदलून. लागोपाठ मापं घेतल्यावर आकडा उतरायचा थांबला की तेव्हाच्या मापानं मोजा घ्यायचा. सुजलेल्या पायाचं माप देऊन महागडा मोजा विणून घेतला तर पाय उतरल्यावर तो ढगळा होतो.

अशा घड्या पडलेल्या पायांना नेहमीचा गोल विणलेला मोजा नको. तो पातळ, ताणणारा असतो, घडीत शिरून दोरीसारखा आवळतो. त्यांना सपाट विणून मागे शिवण घातलेला, मापाचा मोजा लागतो. कापड जाड असते, घडीवरून सरळ जाते.

मोज्याइतकीच रोजची धुलाई महत्त्वाची आहे. आरोग्य विभाग हत्तीपायाच्या पेशंटला टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं किट देतो, आशाताईंकडे विचारा. साध्या पाण्यानं धुवायचं, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, चिरा दिसल्या तर मलम. सूज वाढवणारे तापाचे झटके याच चिरांतून शिरलेल्या जंतूंनी येतात. झटका आला, पाय लाल, गरम, थंडी वाजते, तर मोजा काढा, पाय उंच ठेवा, दवाखान्यात जा. लाली, ताप पूर्ण उतरेपर्यंत परत घालायचा नाही.

कपाशीपट्टा

माप जमलं. आता घालता येत नाही म्हणते घरचे. ओढून ओढून बोटं दुखतात, अन् मोजा अर्ध्यावरच अडते.

वैनगंगा_फिजिओ

वरची कड धरून ओढणं, हेच चुकते. पद्धत अशी.

पहाटे बाजेवरून उतरायच्या आधी घाला. उठून फिरणं झालं असेल तर वीस मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून आडवं व्हा, मग घाला. पाय कोरडा हवा. तेल, व्हॅसलिन, मलम सकाळी लावायचं नाही, रात्री मोजा काढल्यावर लावा. तेलानं मोजा घसरतो आणि त्याचं रबर लवकर जाते. पायाला घाम असेल तर टाल्कम पावडर चोळून घ्या.

जोडवी, पैंजण काढून ठेवा. जोडव्याच्या टोकात एक धागा अडकला की फाटत जाते. टाचेला भेगा असतील तर प्युमिस दगडानं घासून घ्या, नखं कापलेली ठेवा.

भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. यानं अर्धं काम सोपं होते, कारण पकड तळहाताला येते आणि नखं लागत नाहीत.

आता मोज्यात हात घाला, आतून टाचेचा खिसा चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. पावलाचा भाग आत तसाच राहील. त्यात पाऊल सरकवा, बोटं, चवडा, मग टाच. टाच टाचेच्या खिशात बरोबर बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, इथे चुकलं तर वर सगळं तिरपं होते. मग उलटा केलेला भाग घोट्यावरून वर परतवा आणि तळहातांनी थोडा थोडा चोळत वर न्या. सुरकुती दिसली की तिथेच थांबून सरळ करा.

बोटं उघडी असलेला मोजा असेल तर गुळगुळीत पन्नी पावलावर चढवा, मोजा तिच्यावरून सरकवा आणि नंतर बोटांकडून पन्नी ओढून काढा.

वर उरलेला भाग दुमडायचा नाही. दुमडलं की तिथे दोन थर होतात, दाब दुप्पट होतो आणि पट्टी खालचं रक्त अडवते. लांबी उरत असेल तर मोजा चुकीच्या मापाचा आहे, नाहीतर वर जास्त खेचला आहे. परत टाचेपासून बसवा.

मोर्णाकाठ

बरोबर बसला हे ओळखायचं कसं? घट्ट लागणं तर ठीकच आहे ना?

सर्जिकल_यवतमाळ

घट्ट लागेल, दुखणार नाही. घातल्यावर पंधरा मिनिटं चाला. मग पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे. बोटं निळी, गार, बधिर, मुंग्या येतात: लगेच काढा. घोट्याच्या पुढच्या घडीत वळ्या पडल्या असतील तर तिथे कातडी कापते. वरची पट्टी गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं राहायला पाहिजे. घडीत गेली तर बसताना टोचते आणि आवळते.

संध्याकाळी काढल्यावर विणीचे हलके ठसे दिसतील, ते अर्ध्या तासात जातात. वरच्या कडेला खोल खोबण पडली असेल तर माप चुकलं.

नव्या माणसानं पहिल्या दिवशी दोन-तीन तास घालावा आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवावा. रात्री झोपताना काढायचा, कारण आडव्या पायात नसेवर भार फारसा राहत नाही. रोज काढल्यावर टाच, घोट्याची हाडं, नडगीची कड बघा. हाडाचा उंचवटा बारीक असतो, म्हणून तिथे दाब जास्त पडतो. लाल डाग दुसऱ्या सकाळपर्यंत राहिला तर घालणं थांबवून दाखवा.

तलावांचा_जिल्हा

रोवणीच्या दिवसांत काय करायचं? बाया दिवसभर चिखलात असतात. अन् मे महिन्यात ४५ अंशांत कोण घालते?

वैनगंगा_फिजिओ

रोवणीत, बांधीच्या पाण्यात मोजा घालायचा नाही, हे स्पष्ट सांगतो. चिखलातली रेती मोज्याच्या आत गेली की दिवसभर कातडी घासते, आणि ओल्या मोज्यात बोटांच्या बेचक्या सडतात. काम झालं की पाय स्वच्छ धुवा, बेचक्या कोरड्या करा, अर्धा तास पाय उंच ठेवून आडवे व्हा, सूज उतरली की मोजा घाला, झोपताना काढा. कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी कोरड्यात असते, तिथे मोजा घालून, वर सुती मोजा आणि बूट घालून काम करता येते. कपाशीच्या पऱ्हाट्या पातळ मोज्याला फाडतात, म्हणून वरचा सुती मोजा किंवा सलवार पाहिजेच.

उन्हाळ्यात बोटं उघडी असलेला, गुडघ्यापर्यंतचा मोजा घ्या. बहुतेक व्हेरिकोजच्या पेशंटना मांडीपर्यंतच्या मोज्याची गरज नसते. दाबाचं मुख्य काम पिंढरीत होते आणि मांडीवरची सिलिकॉन पट्टी घामानं घसरते, खाजते. दुपारी घातलेल्या मोज्यावरच पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरच्या ताटीसारखा तो पाय थंड करतो. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, पाणी सुकत नाही आणि बुरशी धरते.

दुपारी १२ ते ४ अजिबात सहन होत नसेल तर त्या वेळात काढून पाय उंच ठेवून आडवं व्हा. मोजा काढून ओट्यावर पाय लटकवून बसलात तर सकाळचं सगळं काम वाया जाते. २०–३० सहन होत नाही म्हणून कुणी घालतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून १५–२० चा रोज घालणं जास्त फायद्याचं.

मोर्णाकाठ

धुण्याबद्दल सांगा. इकडे खारपाणपट्ट्यात साबणाला फेस येत नाही.

सर्जिकल_यवतमाळ

रोज धुवायचा. घाम, तेल, मेलेली कातडी विणीत राहिली की रबराचे धागे लवकर ढिले पडतात, आणि धुतल्यानं ताण परत येतो. म्हणून दोन जोड्या पाहिजेत, एक पायात, एक दोरीवर.

सौम्य साबण किंवा शाम्पू, कोमट पाणी, हातानं दाबून. ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं कंडिशनर नाही, ब्रश नाही, आपटणं नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत पसरवा. टिनाच्या छपरावर वाळत घालू नका, तापलेला टिन रबर मारते. इस्त्री अर्थातच नाही.

खाऱ्या पाण्यात साबण विणीत अडकतो आणि कापड कडक होऊन कातडीला खाजते. साबण कमी घ्या आणि शेवटचं खंगाळणं फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. दोन मोज्यांना एक मग पुरते.

रोज वापरला तर सहा महिन्यांत बदला. फाटला नाही म्हणून चांगला आहे असं नसते. पूर्वीपेक्षा सहज चढायला लागला, दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होतो, म्हणजे दाब गेला. नवा घेताना जुनं माप चालवू नका, परत माप घ्या.

कपाशीपट्टा

ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात पांढरे मोजे देतात, तेच पुढं वापरले तं?

सिस्टर_वर्धा

नाही भाऊ. ते झोपून असलेल्या पेशंटसाठी असतात, गुठळी होऊ नये म्हणून. घोट्याला साधारण १४ ते १८ मिमी दाब. उभ्या माणसाच्या घोट्यातल्या नसेत ८०–९० मिमीपर्यंत दाब चढतो, चालताना पिंढरीचा पंप तो उतरवतो. नसेतल्या झडपा खराब झालेल्या पायात तो उतरतच नाही, तिथे हे पांढरे मोजे अपुरे पडतात. क्रेप बँडेजचंही तसंच, काही तासांत ढिलं होते, आणि घरी गुंडाळलेलं बहुतेक वेळा वर घट्ट, खाली सैल असते. म्हणजे उलटाच दाब.

जखम असेल तर मोज्याआधी ड्रेसिंग आणि शिकलेल्या हातानं बांधलेलं बँडेज. घोट्याजवळची प्रत्येक जखम नसेचीच असते असंही धरू नका. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्या पेशंटना घोट्याच्या हाडाशीच जखमा होतात. तरुण माणूस, हाडाशी जखम, सांधे दुखतात, तर सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. त्यांचा दाब किती ठेवायचा ते रक्ताचे आणि सर्जरीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

तलावांचा_जिल्हा

दुकानातून घेताना शेवटी काय पाहायचं? उघडलेला खोका परत घेत नाहीत.

सर्जिकल_यवतमाळ

खोका फोडायच्या आधी चार गोष्टी कागदाशी जुळवा, दादा: मिमीचा आकडा, घोट्याचा घेर, पिंढरीचा घेर, लांबी. तक्ता खोक्याच्या मागे छापलेला असतो, तो स्वतः वाचा. लांबीत 'शॉर्ट' आणि 'रेग्युलर' असे दोन प्रकार असतात, आपल्याकडच्या कमी उंचीच्या बायांना बऱ्याचदा शॉर्ट लागतो आणि दुकानात रेग्युलरच ठेवलेला असतो. मागवून घ्या, थांबा, पण लांब मोजा दुमडून घालायला नेऊ नका. पिशवीत एकाच पायाचा मोजा आहे की जोडी, तेही विचारा, दोन्ही प्रकार मिळतात. रबराची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेला मागा. बिलावर साइज आणि मिमी लिहून घ्या, सहा महिन्यांनी दुसरा घेताना ते कामी येते, पण त्या सकाळी मापं परत घेऊनच या.